विंडोजच्या ॲक्टिव्हेशनची मुदत अधिकृतपणे कशी वाढवावी: नागपूरच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमधल्या कंपन्यांमध्ये सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच्या कामासाठी अर्ज करणारी आपल्याकडची बहुतेक मुले घरच्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतच सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) तयार करून विंडोज सर्व्हरचा सराव करतात. सराव ऐन रंगात आलेला असतो आणि एके दिवशी ॲक्टिव्हेशनची, म्हणजे परवान्याची नोंद करण्याची, मुदत संपल्याची सूचना येते, किंवा सर्व्हर आपोआप बंद पडू लागतो. अशा वेळी कोणी पेन ड्राइव्हमधून एखादे ॲक्टिव्हेटर (परवान्याविना विंडोज चालू ठेवणारा प्रोग्राम) आणून देतो, तर कोणी संगणकाची तारीख मागे न्यायला सांगतो. या दोन्ही गोष्टींची गरज नसते, कारण मुदत वाढवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच दिलेली आहे. मात्र ती मोजक्या वेळा वापरता येते, ती प्रत्येक प्रकारच्या विंडोजला लागू पडत नाही आणि तिच्यामुळे परवाना मिळत नाही, फक्त वेळ मिळतो. म्हणून आधी आपल्याकडची प्रत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे आणि मगच मुदतवाढीची आज्ञा चालवावी, हा क्रम मी प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने सांगतो, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

आज्ञांविषयी एक सूचना सुरुवातीलाच देतो. या लेखात त्या देवनागरीत, अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या आहेत. मुख्य आज्ञा आहे एस-एल-एम-जी-आर. तिच्यानंतर एक मोकळी जागा सोडायची, मग तिरकी रेघ द्यायची आणि तिला लागूनच पुढचा शब्द लिहायचा. तिरकी रेघ आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये जागा सुटली, तर आज्ञा चालत नाही.

१. आधी हाताशी काय हवे

ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेले खाते आणि त्याचा पासवर्ड हवा. काही वेळासाठी इंटरनेट जोडणी हवी. संगणक विकत घेतलेला असेल, तर जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, खोक्यावरचे किंवा संगणकावरचे परवान्याचे स्टिकर आणि विंडोज ऑनलाइन घेतली असल्यास खरेदीचा ईमेल हे सगळे एका जागी काढून ठेवावे. सरावाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवरून (चाचणीच्या प्रती देणाऱ्या संकेतस्थळावरून) उतरवलेली असेल, तर ती कोणत्या तारखेला बसवली हे लिहून ठेवावे. एक साधी वहीही जवळ असू द्या. प्रत्येक मशीनचे नाव, मुदत संपण्याची तारीख आणि उरलेल्या मुदतवाढी तिच्यात नोंदवायच्या आहेत. एकाच संगणकावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन असली की कोणाची मुदत कधी संपते हे लक्षात राहत नाही.

डेस्कटॉप असेल तर त्याला यूपीएस असावा. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा संगणक नेमका रीस्टार्ट होत असेल, तर परवान्याचे राहूद्या, फाइलींचेच नुकसान होऊ शकते.

२. आपली प्रत कोणती ते ओळखा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवशिके नेमकी हीच वगळतात. स्टार्ट मेनूमध्ये सीएमडी असे शोधा, कमांड प्रॉम्प्टवर उजवे क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग एस-एल-एम-जी-आर, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-व्ही अशी आज्ञा द्या. काही सेकंद काहीच घडत नाही, कारण ही आज्ञा म्हणजे व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम आहे आणि तो परवाना सेवेकडून माहिती गोळा करत असतो. या वेळात पुन्हा पुन्हा एंटर दाबू नका. थोड्या वेळाने मजकुराने भरलेली एक चौकट उघडते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तिच्यातल्या पुढील ओळी नीट वाचा.

‘डिस्क्रिप्शन’ या ओळीच्या शेवटी चॅनेल दिलेले असते. तिथे ‘ओईएम’ असेल, तर विंडोज संगणकाबरोबर आलेली आहे. ‘रिटेल’ असेल, तर ती सुटी विकत घेतलेली आहे. ‘व्हॉल्यूम’ असेल, तर ती एखाद्या महाविद्यालयाच्या, कंपनीच्या किंवा कार्यालयाच्या सामूहिक परवान्यातली आहे. ‘टाइमबेस्ड इव्हॅल’ असे असेल, तर ती चाचणीची प्रत आहे, आणि या लेखातली मुदतवाढ आज मुख्यतः तिच्याच उपयोगाची आहे.

‘लायसन्स स्टेटस’ या ओळीवरून सध्याची स्थिती कळते. ‘लायसन्स्ड’ म्हणजे ॲक्टिव्हेशन झालेले आहे. ‘इनिशियल ग्रेस पिरियड’ म्हणजे सुरुवातीची सवलतीची मुदत चालू आहे. ‘नोटिफिकेशन’ म्हणजे मुदत संपली आहे किंवा ॲक्टिव्हेशन झालेच नाही. चाचणीच्या प्रतीतही ‘लायसन्स्ड’ असेच दिसू शकते, पण त्याच्या खालच्या ओळीत उरलेली मुदत मिनिटांत दिलेली असते. नव्या सर्व्हरच्या चाचणी प्रतीत ॲक्टिव्हेशन झाल्याबरोबर तिथे २,५९,२०० मिनिटे आणि कंसात १८० दिवस असे दिसते. वरचा ‘लायसन्स्ड’ हा शब्द तेवढा वाचून निर्धास्त होणारे विद्यार्थी मी अनेक पाहिले आहेत. त्यांनी खालची ही ओळ वाचलेलीच नसते.

चौकटीच्या खालच्या भागात ‘रिमेनिंग विंडोज रिआर्म काउंट’ ही ओळ असते (रिआर्म म्हणजे मुदत नव्याने सुरू करणे). मुदत आणखी किती वेळा वाढवता येईल, ते इथे कळते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये जवळच ‘एसकेयू रिआर्म काउंट’ नावाची आणखी एक ओळ असते (एसकेयू म्हणजे विंडोजची ती विशिष्ट आवृत्ती). दोन्ही आकडे वहीत उतरवा आणि त्यांपैकी लहान असेल तोच हिशेबात धरा.

नुसती शेवटची तारीख पाहायची असेल, तर डी-एल-व्हीच्या जागी एक्स-पी-आर लिहावे.

३. मुदतवाढ तुम्हाला खरोखर हवी आहे का, ते ठरवा

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ या आवृत्त्यांमध्ये बसवल्यापासून ३० दिवसांची मुदत मिळत असे आणि ती ३ वेळा नव्याने सुरू करता येत असे, म्हणजे एकूण १२० दिवस. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ६० दिवसांची मुदत होती आणि तीही ३ वेळा वाढवता येत असल्याने एकूण २४० दिवस मिळत. इंटरनेटवरचे पुष्कळसे सल्ले त्या काळातले आहेत आणि ते आजच्या विंडोजला जसेच्या तसे लागू होत नाहीत. विंडोज ७ चा विस्तारित आधार (सुरक्षा अपडेट मिळण्याचा काळ) १४ जानेवारी २०२० रोजी संपला, त्यामुळे केवळ मुदत वाढते म्हणून ती आवृत्ती नव्याने बसवून इंटरनेटला जोडणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

घरगुती विंडोज १० आणि ११ यांमध्ये तशी ३० दिवसांची मुदतच नाही. ॲक्टिव्हेशन झालेले नसेल, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरे येतात आणि वॉलपेपर, रंग यांसारख्या सजावटीच्या सेटिंग्ज बंद होतात. बाकी काम सुरू राहते. डी-एल-व्हीच्या चौकटीत या आवृत्त्यांना रिआर्म काउंट १,००१ असा मोठा दिसतो, पण तो वापरून ती अक्षरे कायमची जात नाहीत. तिथे योग्य परवाना हाच उपाय आहे.

आपल्याकडे फार आढळणारा एक प्रकार इथे सविस्तर सांगायला हवा. लॅपटॉप विंडोज होमसह विकत घेतलेला असतो. वर्षभराने तो मंद झाला म्हणून एखाद्या दुकानात फॉरमॅटला दिला जातो आणि तिथला कारागीर त्याच्याजवळच्या पेन ड्राइव्हमधून विंडोज प्रो बसवून देतो. घरी आल्यावर ॲक्टिव्हेशन मागितले जाते आणि विद्यार्थी मुदत वाढवण्याच्या आज्ञा शोधत बसतो. प्रत्यक्षात त्याच्या परवान्याला काहीच झालेले नसते. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने प्रॉडक्ट की (परवान्याचा २५ अक्षरांचा क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्येच, ठेवलेली असते. ती होमची असते आणि बसवलेली आवृत्ती प्रो असते, एवढाच घोळ असतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून अधिकृत प्रत उतरवून होम आवृत्ती पुन्हा बसवावी आणि इंटरनेट जोडावे, की ॲक्टिव्हेशन आपोआप होते. बसवताना की विचारली गेली, तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जावे. फॉरमॅटला देण्यापूर्वीच आपल्या लॅपटॉपवर कोणती आवृत्ती आहे हे कागदावर लिहून कारागिराला द्यावे. मदरबोर्ड बदलायचा असेल, तर त्याआधी आपले मायक्रोसॉफ्ट खाते त्या संगणकाशी जोडून ठेवावे. मग बदल झाल्यावर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून हार्डवेअर बदलल्याचे कळवून परवाना परत मिळवता येतो.

व्हॉल्यूम परवान्याचा संगणक महाविद्यालयाचा किंवा कार्यालयाचा असेल, तर स्वतः काही करू नका. केएमएस पद्धतीत (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून होणाऱ्या ॲक्टिव्हेशनच्या पद्धतीत) ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संगणक संस्थेच्या सर्व्हरशी दर ७ दिवसांनी संपर्क साधून ते ताजे करत असतो. असा संगणक कित्येक महिने घरी राहिला की सूचना येऊ लागतात. तो संस्थेच्या नेटवर्कला पुन्हा जोडावा किंवा तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरला सांगावे.

४. चाचणीची प्रत बसवल्यावर पहिल्या दहा दिवसांत करायचे काम

विंडोज सर्व्हरची चाचणी प्रत १८० दिवस चालते, आणि विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवस. पण सर्व्हरच्या बाबतीत ही पूर्ण मुदत मिळण्यासाठी बसवल्यापासून १० दिवसांच्या आत इंटरनेटवरून एकदा ॲक्टिव्हेशन व्हावे लागते. ते झाले नाही, तर सर्व्हर आपोआप बंद होऊ लागतो.

सरावाची प्रयोगशाळा उभारणारे नेमके इथेच अडकतात. डोमेन कंट्रोलरचा (नेटवर्कमधले वापरकर्ते आणि संगणक यांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) सराव सुरक्षित राहावा म्हणून व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क ‘इंटर्नल’, म्हणजे फक्त आतल्या आत, ठेवलेले असते आणि मशीनला बाहेरचे इंटरनेट मिळतच नाही. तेव्हा सर्व्हर बसवल्याबरोबर, अजून कोणतीही भूमिका (डोमेन कंट्रोलरसारखे काम) त्यावर चढवण्याआधी, नेटवर्क तात्पुरते ‘नॅट’वर (मूळ संगणकाच्या जोडणीतून इंटरनेट देणाऱ्या पर्यायावर) न्यावे, एखादे संकेतस्थळ उघडते का ते पाहावे आणि एस-एल-एम-जी-आर, तिरकी रेघ, ए-टी-ओ ही आज्ञा द्यावी. ॲक्टिव्हेशन यशस्वी झाल्याची चौकट आली की डी-एल-व्ही पुन्हा चालवून १८० दिवस दिसतात याची खात्री करावी आणि मगच नेटवर्क पुन्हा ‘इंटर्नल’ करावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुदत कॅलेंडरप्रमाणे मोजली जाते. मशीन बंद ठेवल्याने दिवस वाचत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला सर्व्हर बसवला, मग हिवाळी परीक्षेच्या धामधुमीत त्याच्याकडे पाहिलेच नाही, तर परीक्षा आटोपेपर्यंत मुदत संपत आलेली असते. सराव नियमित सुरू करता येणार असेल, तेव्हाच प्रत बसवावी.

५. मुदत प्रत्यक्ष वाढवणे

मुदतवाढीची आज्ञा आहे एस-एल-एम-जी-आर, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि त्याला लागून आर-ई-ए-आर-एम. उच्चार रिआर्म. कमांड प्रॉम्प्ट पायरी २ प्रमाणे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडावा. तसे न केल्यास अधिकार नसल्याची त्रुटी येते आणि तिचा क्रमांक ८००७०००५ ने संपतो.

ही आज्ञा कधी द्यावी, याला फार महत्त्व आहे. रिआर्मने नवी मुदत उरलेल्या दिवसांत मिळवली जात नाही. घड्याळ पुन्हा पूर्ण मुदतीवर येते आणि उरलेले दिवस वाया जातात. समजा, विंडोज ७ वर दहाव्या दिवशी ही आज्ञा दिली, तर हाती असलेले २० दिवस गेले आणि तीनपैकी एक संधीही गेली. म्हणून मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले असतानाच ती द्यावी. अगदी शेवटच्या दिवसावरही ठेवू नये, कारण त्या दिवशी तुम्ही गावी असाल किंवा संगणकच दुरुस्तीला गेलेला असेल.

क्रम असा ठेवावा. प्रथम उघडी कामे जतन करून सर्व प्रोग्राम बंद करावेत. डी-एल-व्ही चालवून उरलेला आकडा वहीत लिहावा. रिआर्मची आज्ञा द्यावी आणि ‘कम्प्लीटेड सक्सेसफुली’ असे सांगणारी चौकट येईपर्यंत थांबावे. ती चौकट रीस्टार्ट करायलाही सांगते. रीस्टार्ट झाल्याखेरीज बदल लागू होत नाही. संगणक सुरू झाल्यावर पुन्हा डी-एल-व्ही चालवावे. चाचणीच्या प्रतीत उरलेली मुदत लगेच पूर्ण दिसली नाही, तर इंटरनेट जोडून ए-टी-ओची आज्ञा एकदा द्यावी. आकडा एकाने कमी झालेला दिसेल, तो नव्या तारखेसह वहीत उतरवावा. या सगळ्यात तुमच्या फाइली, वापरकर्ते किंवा बसवलेले प्रोग्राम यांना धक्का लागत नाही.

सी००४डी३०७ या क्रमांकाची त्रुटी आली, तर मुदतवाढीच्या सर्व संधी संपल्या आहेत असे समजावे. ती तात्पुरती अडचण नाही, आज्ञा पुन्हा पुन्हा देऊन काही होणार नाही. अशा वेळी पायरी ७ पाहावी.

६. मुदत वाढवताना टाळायच्या गोष्टी

तारीख मागे नेऊ नका. घड्याळ चुकीचे झाले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि ती उघडेनाशी होतात. डोमेनचा सराव असेल, तर सर्व्हर आणि क्लायंट यांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक पडताच केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवणारी पद्धत) लॉगिन नाकारते. मग मुलांना वाटते की ॲक्टिव्ह डिरेक्टरीच (डोमेनमधल्या खात्यांची नोंद ठेवणारी सेवा) बिघडली, आणि संध्याकाळ त्याच शोधात जाते.

केएमएसच्या नावाने फिरणारी ॲक्टिव्हेटर चालवू नका. ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि ज्या संगणकावर तुमची कागदपत्रे, बँकेचे लॉगिन आणि सगळे ईमेल आहेत, त्याचे पहारे उतरवून एका अनोळखी प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देणे हा मोठा धोका आहे. शिवाय तो परवान्याचा भंगही आहे. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये संगणकाचे सामान घेताना परवान्याचेही पक्के बिल मागून घ्यावे. बिल मिळत नसेल, तर काही शे रुपयांत मिळणारी की घेऊ नये. अशा स्वस्त की बऱ्याचदा दुसऱ्याच कोणा संस्थेच्या सामूहिक परवान्यातल्या असतात आणि पुढे बंद होऊ शकतात.

सिसप्रेप ही (बसवलेल्या विंडोजच्या प्रती काढण्यापूर्वी तिची तयारी करणारी) आज्ञा ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवली, की तीही मुदतीचे घड्याळ नव्याने सुरू करते आणि मोजणीतली एक संधी वापरते. एका मशीनच्या प्रती काढून प्रयोगशाळा उभारणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावे. त्यासाठी एक स्वच्छ मूळ मशीन तयार करून बाजूला ठेवावे आणि त्याच्याच प्रती वापराव्यात. प्रतीची पुन्हा प्रत काढत राहिले की संधी नकळत संपतात.

आणि चाचणीच्या प्रतीवर प्रत्यक्ष व्यवसाय चालवू नये. इतवारीतल्या एखाद्या पेढीचे हिशेब किंवा दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी तिच्यावर ठेवणे परवान्याच्या अटींत बसत नाही आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही घातक आहे. मुदत संपलेला चाचणीचा सर्व्हर दर तासाला बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद दिसते, पण तोवर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलेले असते.

७. संधी संपल्यावर काय करावे

सरावाचीच प्रत असेल, तर ती नव्याने बसवणे हा सरळ मार्ग आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो वाईटही नाही. डोमेन, डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारी सेवा) आणि डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सेवा) दुसऱ्यांदा उभारताना हात बसतो. आपल्या स्क्रिप्ट आणि नोंदी आधी बाहेर काढून ठेवाव्यात. विंडोज ११ एंटरप्राइझची चाचणी प्रत परवाना घेऊनही पूर्ण प्रतीत बदलता येत नाही. तिथे नव्याने बसवण्यावाचून पर्याय नसतो.

सर्व्हरची चाचणी प्रत मात्र योग्य की असल्यास आहे तिथेच पूर्ण प्रतीत बदलता येते. त्यासाठी डीआयएसएम या विंडोजमधल्याच साधनाचा ‘सेट-एडिशन’ पर्याय वापरतात आणि त्याच आज्ञेत २५ अक्षरांची की आणि अटी मान्य असल्याचा पर्याय द्यावा लागतो. त्याआधी ‘गेट-करंट-एडिशन’ या पर्यायाने आपली आवृत्ती कोणती ते पाहावे. स्टँडर्ड आणि डेटासेंटर या विंडोज सर्व्हरच्या दोन आवृत्त्या आहेत; स्टँडर्डची चाचणी प्रत स्टँडर्ड किंवा डेटासेंटरमध्ये बदलता येते. डेटासेंटरची प्रत स्टँडर्डमध्ये उतरवता येत नाही. म्हणून पुढे स्टँडर्ड परवाना घेण्याचा विचार असेल, तर सुरुवातीला स्टँडर्डचीच चाचणी प्रत बसवावी. तो सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल, तर हा बदल होत नाही. आधी दुसरा सर्व्हर डोमेन कंट्रोलर करून एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असणारी खास कामे) त्याच्याकडे न्याव्यात, पहिल्याची ती भूमिका काढून घ्यावी, मग आवृत्ती बदलावी, आणि दोन वेळा रीस्टार्ट होऊन तो स्थिर झाल्यावर पुन्हा डोमेन कंट्रोलर करावा. हे काम सुटीच्या दिवशी, पूर्ण बॅकअप घेऊन आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडतो याची खात्री करूनच हाती घ्यावे.